मधली वायर

वस्तीच्या तोंडाशी वीज कंपनीचा शेवटचा खांब होता. तिथून मीटरताईचं घर चारशे बारा पावलांवर. तिनं मोजली होती. ती चारशे बारा पावलं कंपनीला एकतीस वर्षांत चालता आली नाहीत. अर्ज गेले, मोर्चे गेले, साहेब आले, फीत लावून मोजून गेले, पुढच्या वर्षी दुसरे साहेब तेच मोजायला आले. शेवटी वस्तीनं नाद सोडला आणि ऊन पकडायला सुरुवात केली. उन्हाला अर्ज लागत नाही.

ते ऊन पकडून दिलं मीटरताईनं. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा तिच्या गळ्यात व्होल्ट मोजायचा मीटर असे, लाल-काळ्या वायरी मानेमागे टाकलेल्या. कुणाच्या दारात उभी राहिली की आधी बॅटरीला हात, मग माणसाला नमस्कार. त्रेचाळीस घरांत तिनं दिवे लावले आणि एकाही भिंतीवर वायर वाकडी नेली नाही. शिकली कुणाकडून म्हणाल, तर कुणाकडूनच नाही. धाकटा भाऊ डिप्लोमाला होता तेव्हा सुट्टीत पुस्तकं घरी आणायचा. तो झोपा काढायचा आणि ही पुस्तकं वाचायची. त्याच्या वह्यांतल्या चुका तिनं पेन्सिलीनं सुधारलेल्या असत. डिप्लोमा त्याला मिळाला. नोकरीही मिळाली, आणि मिळाली ती त्याच कंपनीत, जिला चारशे बारा पावलं चालवत नव्हती.

"भाऊ खांबावर, बहीण खड्ड्यात," शेजारचा शिंपी म्हणायचा. या शिंप्याचं शिवणयंत्र मीटरताईनंच मोटरवर घेतलं होतं, त्यामुळे त्याला चेष्टा करायचा हक्क होता.

तिचं एक होतं. ती गोष्ट एकदा सांगायची. "दोनदा सांगायला मी काय रेडिओ आहे?" हे तिचं ठरलेलं वाक्य. फ्यूजच्या जागी तार बांधू नका, असं तिनं याच शिंप्याला एकदा सांगितलं होतं. त्यानं बांधली, मोटर जळली. मग महिनाभर तो पायानं यंत्र चालवत बसला आणि ती त्याच्या दारावरून रोज मान ताठ ठेवून गेली. लग्न करून गेलेली ही बाई दोन वर्षांत माहेरी परत आली, ती का आली हे आईनं एकदा विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. दोनदा विचारायची आईचीही छाती झाली नाही. तेव्हापासून त्या घरात दोघीच होत्या, आई आणि ती.

आणि आईचा दिवा.

तो मीटरताईचा पहिला दिवा. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मोडीत निघालेल्या जीपची बॅटरी, कोपऱ्यात तडा गेलेलं एक पॅनेल, आणि त्याच जीपच्या टपातला बोटाएवढा बल्ब. मागच्या खोलीत आईच्या खाटेवर तिनं तो लावला आणि बटणाला दोरी बांधली, पडल्या पडल्या ओढता यावी म्हणून. दोरीला तीन गाठी मारल्या, अंधारात हाताला सापडावी म्हणून. त्या दिव्याखाली भावानं अभ्यास केला. बल्ब पुढं वीसदा बदलला असेल, पण होल्डर तोच, दोरी तीच, गाठी त्याच. नंतर तिनं घरात इन्व्हर्टर आणला, पांढरे दिवे आणले, तरी आईचा दिवा मात्र थेट बॅटरीवर ठेवला. इन्व्हर्टर रुसला की सगळं घर विझायचं. आईचा दिवा विझायचा नाही. "सगळं पडलं तरी हा पडत नाही," आई शेजारणींना सांगायची. लेकीचं कौतुक तिला तोंडावर करता यायचं नाही. ती दिव्याचं करायची.

मग आईची छाती बिघडली. आयुष्यभराचा चुलीचा धूर आणि वस्तीमागच्या खडी फोडायच्या कारखान्याची धूळ, दोन्ही एकदमच हिशेब मागायला आले. डॉक्टरांनी सांगितलं, हवेतून प्राणवायू काढून देणारं मशीन लावा. झोपताना तर हवंच, आणि धाप लागेल तेव्हा दिवसाही.

भाऊ गाडी घेऊन आला. चहाचा कप हातात धरून, न पिताच, म्हणाला, "मी आईला घेऊन जातो. फ्लॅटमध्ये चोवीस तास लाइट आहे."

"असणारच. तुझ्या कंपनीचे खांब तिकडंच पळतात."

"झालं तुझं सुरू."

"मी कुठंही येणार नाही," आई खाटेवरून म्हणाली. "या खोलीत मला डोळे मिटूनही सगळं दिसतं. तिथं मला संडास कुठं ते विचारावं लागतं."

"आई, प्रश्न दिसण्याचा नाही, श्वासाचा आहे. हिच्या दोन पॅनेलांवर ते मशीन चालायचं नाही."

"सहावर चालेल," मीटरताई म्हणाली. "सहा पॅनेल, दोन थोरल्या बॅटऱ्या, मोठा इन्व्हर्टर. सामान तू पाठव, जोडते मी."

भावानं तिच्याकडं पाहिलं. त्याला ठाऊक होतं, ती जोडेल. आपल्या खात्यातल्या चार माणसांपेक्षा नीट जोडेल. हे ठाऊक असणंच त्याला आयुष्यभर टोचत आलं होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आई इथंच राहील. पण एक लक्षात ठेव, ताई. ते मशीन विजेअभावी एकदा जरी बंद पडलं, तर त्याच दिवशी मी आईला उचलून नेणार. मग रडायचं नाही."

"मी रडले कधी?"

"तेच तर. रडत नाहीस, नुसती भांडतेस. रडली असतीस तर बरं झालं असतं."

तिनं वहीचं पान फाडलं आणि यादी लिहिली. पॅनेल, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, चार्जिंगचा कंट्रोलर, अंगठ्याएवढी जाड वायर, तिच्या टोकांना बसवायचे तांब्याचे लग, फ्यूज. शेवटी लिहिलं: कन्व्हर्टर, छोटा, चोवीसचे बारा करणारा, आईच्या दिव्यासाठी.

हे शेवटचं कशाला, ते सांगायला हवं. जुनं सगळं घर बारा व्होल्टवर होतं. नवं मोठं मशीन पेलायचं तर दोन बॅटऱ्या एकीच्या शेपटीला एक अशा जोडायच्या, म्हणजे बारा आणि बारा चोवीस. आईचा बल्ब बाराचा, खाटेशेजारचा छोटा पंखाही बाराचा. चोवीस दिले तर दोघं क्षणात खलास. म्हणून मध्ये तळहातावर मावेल एवढा कन्व्हर्टर बसवायचा. चोवीस आत, बारा बाहेर. बस्स.

आठवड्यानं टेम्पो आला. सगळं सामान आलं, चांगल्यातलं चांगलं आलं. भाऊ कंजूष नव्हता, उगाच खोटं कशाला बोला. सोबत तिचीच यादी परत आली होती, प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. शेवटच्या ओळीवर तांबडी रेघ. पुढं कचेरीतल्या वळणदार अक्षरात: "अनावश्यक. दिवा बदलावा."

मीटरताईनं ते वाचलं, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवून दिलं.

शिडी धरायला आलेला शिंपी म्हणाला, "फोन कर की. विसरला असेल."

"विसरला नाही, खोडलंय. विसरणं वेगळं आणि खोडणं वेगळं."

"मग सांग पुन्हा. सख्खा भाऊ आहे, काय मंत्री आहे?"

"एकदा सांगितलं. दोनदा सांगायला मी काय रेडिओ आहे?"

"रेडिओ बरा गं बाई," शिंपी शिडीला टेकत म्हणाला. "निदान कान पिळला तर आवाज कमी होतो."

दोन दिवस तिनं काम केलं. सहा पॅनेल छपरावर, उन्हाकडं नीट तोंड करून, बोल्टाखाली रबर. घराच्या कडेच्या पत्र्याच्या खोपटात लाकडी फळीवर दोन्ही बॅटऱ्या, मध्ये चार बोटं हवा. प्रत्येक लग तिनं दाबून, ओढून, पुन्हा दाबून बसवला. टोकांना व्हॅसलीन चोपडलं. मशीन सुरू झालं, घुं घुं करू लागलं. आईनं नळी नाकाला लावली आणि लहान मुलीसारखी हसली.

मग दोरी ओढली. दिवा लागला नाही. त्याची जुनी बारा व्होल्टची बॅटरी आता मोडीत गेली होती.

"हा गं?" आई म्हणाली.

दिवा बदलावा. दिवा बदलणं काही अवघड नव्हतं. इन्व्हर्टरवरचा पांढरा दिवा लावला असता, त्यालाही दोरी बांधता आली असती. पण मग इन्व्हर्टर पडला की आईचा दिवाही पडला. आणि खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. कारण ती तांबडी रेघ होती. एकोणीस वर्षांच्या पोरीनं केलेल्या कामावर, ज्याच्या उजेडात साहेब साहेब झाला त्याच दिव्यावर, साहेबानं रेघ मारली होती.

तेव्हा तिनं जे केलं ते तिला दुसऱ्या कुणाच्या घरात दिसलं असतं तर तिनं पकडीनं तोडून मालकाच्या अंगावर फेकलं असतं. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून तिनं एक वायर काढली. दोघींवर मिळून चोवीस. पण मधून घेतलं तर एकटीचेच, जोडणीत जी खालची तिचे, बारा. दिवा लागला, पंखा फिरला.

यात खोट काय, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वस्तीत दोन घरांत तिनं अशी मधली वायर पकडली होती आणि घरमालकांना सगळ्यांसमोर झाडलं होतं: "दोन भावांचा एक संसार आणि पाहुणे रोज एकाच्याच ताटात जेवायला बसवता होय? तो मरेल उपाशी, आणि दुसरा मरेल अजीर्णानं!" कारण ऊन दोन्ही बॅटऱ्यांना सारखंच भरवतं. खालची रोज जास्त देते, तिचं पोट कधी भरत नाही. वरची भरलेलीच असते, तिला वर आणखी कोंबलं जातं. दोघी बिघडतात. सावकाश, गुपचूप.

त्या वायरीला तिनं तांबडी टेप गुंडाळली, डोळ्यात खुपावी म्हणून. "फक्त आठ दिवस," ती शिंप्याला म्हणाली.

आठ दिवसांनी भाऊ आला. ती दारातच उभी होती, हात पुसत. तो गाडीतून उतरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "या साहेब. तपासणीला आलात?"

भाऊ गाडीचं दार अर्धं उघडं धरून तसाच थांबला. मग ते दार त्यानं लावलं. आत येऊन आईजवळ बसला, मशीनवर हात ठेवून बघितला. उठताना म्हणाला, "ताई, अजून काही लागतंय का?"

"काही नाही. तुमच्या खात्यानं सगळं मंजूर केलंय."

तो गेला. खोपटात त्यानं डोकावलंसुद्धा नाही. तो डोकावेल, तांबडी टेप बघेल, तिला चार शब्द बोलेल आणि मग निमूट कन्व्हर्टर घेऊन येईल, असा तिचा मनातला बेत होता. तो पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तेव्हाही डोकावला नाही. मग तिनं तो बेतही सोडला, आणि वायर तशीच राहिली.

रोज सकाळी ती खोपटात जायची आणि मीटर लावायची. एक टोक या बॅटरीच्या सुरुवातीला, दुसरं त्या बॅटरीच्या शेवटाला. चोवीस पॉइंट सहा. चोवीस पॉइंट पाच. बेरीज झकास. वस्तीतल्या प्रत्येकाला तिनं बजावलं होतं की प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. स्वतःच्या घरात ती बेरीज मोजत होती. वरचीचं जादा खालचीचं कमी झाकून घेत होतं आणि तिला ते झाकलेलंच हवं होतं. वेगळं मोजलं असतं तर फोन करावा लागला असता.

खुणा नव्हत्या असंही नाही. वरची बॅटरी पाणी फार पिऊ लागली. महिन्याला घालायचं डिस्टिल्ड वॉटर पंधरवड्यातच घालावं लागे. "ही जरा तहानलेली आहे," ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्याच्या घरी ती लगेच शेजारची बॅटरी तपासायला धावली असती.

एकदा आई म्हणाली, "दिवा पिवळट वाटतो गं हल्ली."

"दिवा नाही, डोळे पिवळट झालेत तुझे."

"असतील," आई म्हणाली. आईनंही दोनदा सांगितलं नाही. ही खोड घरातच मुरलेली होती.

चौथ्या महिन्यात आभाळ भरून आलं आणि पाच दिवस हललं नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास मीटरताई वरच्या आळीत एका छपरावर होती. ढगांमुळं अर्ध्या वस्तीच्या तक्रारी आल्या होत्या. तिला खालून शिंपी दिसला. मापाची टेप गळ्यात, अनवाणी, तोंडाला फेस आलेला.

"मशीन ओरडतंय!" तो खालूनच म्हणाला. "आई..."

ती शिडीनं उतरली की छपरावरून उडी मारली हे तिला पुढं कधी आठवलं नाही.

इन्व्हर्टर कुईं कुईं करून गप्प झाला होता. आई खाटेवर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे भात्यासारखे वरखाली. ओठ जांभळे. शिंप्याच्या बायकोनं तिला पाठीमागून धरलं होतं आणि ती उगाचच पदरानं वारा घालत होती, कारण पंखाही बंद होता. आईचा एक हात दोरीवर होता. ती ओढत होती, सोडत होती. वर बल्बच्या आत विझत्या विडीसारखा एक तांबडा ठिपका.

"दिवा... पण... गेला गं," आई म्हणाली.

सगळं पडलं तरी हा पडत नाही. आता सगळ्यात आधी तोच पडला होता.

खोपटात तिनं मीटर लावला. वीस पॉइंट सहा. मग, चार महिन्यांत पहिल्यांदा, वेगळं मोजलं. वरची बारा पॉइंट तीन. खालची आठ पॉइंट तीन. मीटर खोटं बोलत नाही. तो फक्त विचारलं तेवढंच सांगतो.

"काका, तुमची बॅटरी."

"विचारतेस काय, ने!"

शिवणयंत्राची बॅटरी दोघांनी मिळून उचलून आणली. पाना तिच्या हातातून दोनदा निसटला, एकदा ठिणगी उडाली आणि मनगटाचे केस जळाल्याचा वास आला. खालची मेलेली बॅटरी तिनं पायानं बाजूला ढकलली, शिंप्याची जोडली, मधली वायर पकडीत धरून कचकन तोडली. इन्व्हर्टरनं डोळा उघडला. मशीन घुं करू लागलं. नळी आईच्या नाकाला लावून ती जमिनीवर बसली. शिंप्यानं हाक मारल्यापासून इथवर बावीस मिनिटं गेली होती. हळूहळू आईचे ओठ ओठांच्या रंगाचे झाले.

आई वाचली. अवघ्या बावीस मिनिटांत तिला वाचवणारी बाई त्या शेवटच्या खांबाच्या अलीकडं-पलीकडं दुसरी नव्हती. पण शिंप्यानं तिला बोलवायला धावण्याआधी भावाला फोन केला होता. चांगल्या मनानंच केला होता. चांगल्या मनाचं ओझं वाहायला नेहमी तिसरंच कुणीतरी लागतं.

दुपारी भाऊ आला तो गाडी आणि दोन माणसं घेऊनच. आईची छाती त्यानं डॉक्टरांना फोनवरून ऐकवली आणि मग पहिल्यांदा खोपटात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तांबड्या टेपचा तुटका तुकडा होता.

"मधून वायर?"

ती हातातला पाना पुसत राहिली.

"ताई, मधून वायर? हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी तू समजावलं होतंस. तू!"

"यादीत लिहिलं होतं."

"मग फोन करायचास! ओरडायचंस! एरवी जगाला ओरडतेस!"

"यादीत लिहिलं होतं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एक गोष्ट दोनदा सांगत होती. उपयोग शून्य.

दारात वस्ती जमली होती. भावानं तो तुकडा सगळ्यांना दिसेल असा धरला होता. त्याला तसं धरायचं नव्हतं, तो फक्त धरला गेला होता. पण त्रेचाळीस घरांतल्या माणसांनी तो बघितला. ज्या दोघांना तिनं याच कारणासाठी झाडलं होतं तेही त्यांत होते. एकजण हळूच म्हणाला, "आता कुणाचं ताट आणि कुणाचं अजीर्ण?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आईला खुर्चीसकट उचललं. दारातून जाताना तिनं लेकीचं मनगट धरलं, जळलेल्या केसांवरून बोट फिरवलं. "भाजलं का गं?" एवढंच म्हणाली. येत नाही म्हणाली नाही. तिच्यासमोर ठरलं होतं की मशीन पडलं तर जायचं. आणि या घरात शब्द म्हणजे शब्द.

फ्लॅटमध्ये आई पाच महिने जगली. मीटरताई दर आठवड्याला जायची. सोफ्याच्या टोकावर बसायची, भावजय चहा द्यायची, मशीन घुं घुं करायचं. भिंतीतली बटणं आईला खाटेवरून पोहोचत नसत, म्हणून तिची खोली दिवसभर उजळलेली असे. "विझवायला कुणाला हाक मारायची?" आई म्हणायची. "म्हणून जागी पडते." मीटरताईनं बटणाला दोरी बांधून द्यायचं मनात आणलं होतं. भिंत दुसऱ्याची होती. विचारावं लागलं असतं.

आई गेली तेव्हा भावानं फोनवर सांगितलं, "शेवटपर्यंत मशीन चालू होतं, ताई. एक मिनिट बंद पडलं नाही."

"चांगलं झालं," ती म्हणाली.

काही दिवसांनी भावजय आईचे कपडे द्यायला आली. पिशवीच्या तळाशी एक पुठ्ठ्याचा डबा होता, सील न फोडलेला. "हा ह्यांच्या कपाटात होता," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच घेतलेला दिसतो. मला काही कळत नाही त्यातलं." आणि ती कळत नसल्यासारखी दुसरीकडं बघत राहिली.

कन्व्हर्टर. चोवीस आत, बारा बाहेर.

डब्यात गॅरंटीचं कार्ड होतं, त्यावर दुकानाचा शिक्का, तारखेसह. मीटरताईनं तारीख वाचली. मग ब्लाउजमधून नव्हे, पत्र्याच्या पेटीतून ती घडी घातलेली यादी काढली आणि टेम्पो कुठल्या दिवशी आला ते आठवलं. टेम्पो आला त्यानंतर सहाव्या दिवशी कन्व्हर्टर घेतला होता. भाऊ आला होता तो दहाव्या दिवशी.

तिनं फोन लावला.

"डबा मिळाला," ती म्हणाली.

मग भाऊ म्हणाला, "त्या दिवशी गाडीत होता. मागच्या सीटवर. काढतच होतो."

"मग?"

"तू म्हणालीस, साहेब, तपासणीला आलात. नंतर विचारलं तुला, काही लागतंय का."

"विचारलंस."

"तू मागशील म्हणून थांबलो."

"तू आणशील म्हणून थांबले."

फोन आधी कुणी ठेवला ते कळलं नाही.

ती उठली. खोपटात गेली. फळीवर आता दोन सारख्या बॅटऱ्या होत्या, तिनं स्वतः आणलेल्या. शिंप्याची त्याला कधीच परत केली होती. तिनं दोघी वेगवेगळ्या मोजल्या. बारा पॉइंट सहा. बारा पॉइंट सहा. कन्व्हर्टर भिंतीला दोन स्क्रूनं बसवला, दोन वायरी आत, दोन बाहेर, एक फ्यूज. मीटर लावला. बरोबर बारा.

मग मागच्या खोलीत जाऊन तिनं तीन गाठींची दोरी ओढली. रिकाम्या खाटेवर पिवळा उजेड पडला. पिवळट नाही, चांगला स्वच्छ पिवळा.

सवयीनं तिनं घड्याळ बघितलं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली होती.